गायीची चिप आली, पण गाय गाभण राहील का हे ती सांगेल का?

५ ऑक्टोबर २०२४. वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवी इथल्या कार्यक्रमात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते गायी-म्हशींसाठीची एकीकृत जिनोमिक चिप आणि देशी बनावटीचं लिंगनिर्धारित वीर्य तंत्रज्ञान, अशा दोन गोष्टींचं लोकार्पण झालं. चिपची नावं 'गौचिप' आणि 'महिषचिप'. त्याआधी ऑगस्ट २०२१ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेची 'इंडिगौ' ही चिप आली होतीच. १९ मार्च २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित राष्ट्रीय गोकुळ मिशनला मंजुरी दिली आणि एकूण तरतूद ३,४०० कोटी रुपयांवर नेली.

घरी चार जनावरं असतील तर या बातम्या तुमच्या फॅमिली ग्रुपवर फिरल्या असतील. त्याखाली एक प्रश्नही आला असेल: "म्हणजे आता टेस्ट केली की कळणार का, आपली गाय सारखी उलटते ती का?"

थोडक्यात उत्तर: नाही. चिप उपयोगाची आहे आणि ती यायलाच हवी होती. पण गाय या वेळी गाभण राहणार की नाही, हे जिथे ठरतं तिथे चिपची नजर पोहोचत नाही. ती जागा म्हणजे गायीचं अंडाशय, आणि तिथल्या पेशींवर त्या दिवशी कोणते हॉर्मोन रिसेप्टर चालू आहेत हा हिशोब. हे नीट समजून घेऊ, कारण पुढच्या काही वर्षांत 'गायीची डीएनए टेस्ट' विकायला बरेच जण येणार आहेत.

हॉर्मोन म्हणजे नोटिफिकेशन, रिसेप्टर म्हणजे परमिशन

मेंदूच्या तळाशी पियुषिका ग्रंथी असते. ती एफएसएच आणि एलएच नावाची दोन हॉर्मोन रक्तात सोडते. रक्त सगळीकडे जातं, त्यामुळे हा संदेश पायाच्या स्नायूपर्यंत आणि कानाच्या पाळीपर्यंतही पोहोचतो. तरी पाय आणि कान काहीच करत नाहीत, कारण त्यांच्या पेशींवर तो संदेश पकडणारं प्रथिन नसतं. त्या प्रथिनाला रिसेप्टर म्हणतात.

तुमच्या फोनवर एखादं ॲप इन्स्टॉल आहे, पण नोटिफिकेशनची परमिशन बंद आहे. समोरच्याने शंभर मेसेज पाठवले तरी तुम्हाला टिंग ऐकू येणार नाही. हॉर्मोनचंही तसंच आहे. रक्तात एलएच किती आहे हा अर्धाच प्रश्न; ज्या पेशीने उत्तर द्यायचं, तिची परमिशन चालू आहे का, हा उरलेला अर्धा.

आता महत्त्वाची गोष्ट. रिसेप्टर कसा बनवायचा याची कृती, म्हणजे जनुक, गायीच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतं. कानाच्या पेशीतही एलएच रिसेप्टरचं जनुक आहे, फक्त ते तिथे वापरलं जात नाही. जनुक वापरात येणं, म्हणजे त्याची आरएनए प्रत निघून पुढे प्रथिन बनणं, याला जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. डीएनए म्हणजे फोनमध्ये इन्स्टॉल असलेल्या ॲप्सची यादी, आणि अभिव्यक्ती म्हणजे या मिनिटाला त्यातली कोणती चालू आहेत ते. चिप पहिली यादी वाचते.

२१ दिवसांत अंडाशयात काय चालतं

गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते हे गोठ्यात वाढलेल्या पोरालाही माहीत असतं. पण मधले दिवस अंडाशय शांत बसलेलं नसतं. अंडाशयावर द्रवाने भरलेले बारीक फोड वाढतात, त्यांना फॉलिकल म्हणतात. प्रत्येकात एक बीजांड असतं. हे फॉलिकल लाटेसारखे येतात. एका २१ दिवसांच्या चक्रात अशा दोन किंवा तीन लाटा येतात. सोनोग्राफीमुळे हे आता पडद्यावर रोजच्या रोज बघता येतं.

प्रत्येक लाटेच्या सुरुवातीला एफएसएच वाढतं आणि अनेक फॉलिकल एकदम वाढू लागतात. त्यांच्या आतल्या अस्तरात ग्रॅन्युलोसा नावाच्या पेशी असतात आणि त्यांच्यावर एफएसएचचे रिसेप्टर असतात, म्हणून सगळ्यांना संदेश मिळतो. मग त्यातला एक थोडा पुढे जातो. तो इस्ट्रोजेन आणि इनहिबिन बनवून उलट मेंदूकडे आणि पियुषिकेकडे निरोप पाठवतो: एफएसएच कमी करा. एफएसएच घटलं की बाकीचे फॉलिकल उपाशी पडतात आणि जिरून जातात.

मग पुढे गेलेला तरी कसा टिकतो? एफएसएच त्याच्यासाठीही कमीच झालेलं असतं. इथेच खरी गंमत आहे. होल्स्टिन गायींमध्ये फॉलिकल साधारण ८.५ मिलिमीटरचा होतो त्या सुमारास त्याच्या ग्रॅन्युलोसा पेशी एलएच रिसेप्टरचं जनुक चालू करतात. तोवर एलएचचे रिसेप्टर फक्त बाहेरच्या थरातल्या, थीका नावाच्या पेशींवर असतात. आता आतल्या पेशींनाही एलएच ऐकू येऊ लागतं, आणि फॉलिकल एफएसएच सोडून एलएचवर जगू लागतो. ज्यांनी वेळेत हा बदल केला नाही, ते संपले. सगळ्यांचं डीएनए तंतोतंत एकच. एकाच गायीचे, एकाच अंडाशयावरचे, शेजारी-शेजारी असलेले फॉलिकल! एक जगतो आणि बाकीचे जिरतात, त्यात मोठा वाटा अभिव्यक्तीचा.

आणि हे चालू झालेलं बटण चालूच राहत नाही. माजाच्या वेळी एलएचची मोठी लाट येते, त्यानंतर काही तासांत ग्रॅन्युलोसा पेशींमधली एलएच रिसेप्टरची आरएनए झपाट्याने घटते. बीजांड बाहेर पडल्यावर त्याच जागी पीतपिंड तयार होतं, तिथे एलएच रिसेप्टर पुन्हा दिसू लागतात. म्हणजे सकाळी घेतलेला नमुना आणि संध्याकाळी घेतलेला नमुना वेगळं उत्तर देऊ शकतो.

मग अभिव्यक्ती मोजतात कशी? तुम्ही ती टेस्ट केलेली आहे

कोविडच्या काळातली आरटी-पीसीआर आठवते? नाकातल्या नमुन्यातून आरएनए काढायची, तिची डीएनए प्रत बनवायची आणि ती प्रत दर सायकलला दुप्पट करत जायची. किती सायकलनंतर यंत्राला सिग्नल दिसला, तो आकडा म्हणजे रिपोर्टवरची सीटी व्हॅल्यू. सीटी कमी, म्हणजे मूळ आरएनए जास्त. तीन सायकलचा फरक म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन, साधारण आठपट.

फॉलिकलमधल्या रिसेप्टरची आरएनए मोजायची पद्धत हीच आहे. फरक नमुन्यात आहे. नाकात काडी घातली की झालं, असं इथे नसतं. ग्रॅन्युलोसा पेशी मिळवायला सोनोग्राफीच्या मदतीने अंडाशयापर्यंत सुई न्यावी लागते आणि फॉलिकलमधला द्रव ओढून घ्यावा लागतो. आरएनए नाजूक असते, ती लगेच थंड करून जपावी लागते. एवढं करून हातात येतो तो एका क्षणाचा फोटो. शिवाय आरएनए सापडली म्हणजे पेशीवर तेवढं प्रथिन बसलंच, असंही नाही.

म्हणून ही तपासणी संशोधनाची आहे, गोठ्यात करायची नाही. चिपसाठी मात्र केस, रक्त किंवा कानाचा छोटा तुकडा पुरतो, कारण डीएनए सगळीकडे सारखंच. चिप स्वस्त आणि सोपी आहे ती याच कारणाने, आणि तिची मर्यादाही याच कारणाने येते.

फलटणची मेंढी: जिथे डीएनए टेस्ट पुरते

चिपच्या बाजूने एक भक्कम उदाहरण आपल्याच राज्यात आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे नारीने, 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली. आपली दख्खनी मेंढी बहुतेक वेळा एकच कोकरू देते. सुंदरबनातली छोटीशी गारोळ मेंढी मात्र जुळी-तिळी देते. त्यामागे 'फेक-बी' नावाचा जनुकीय बदल आहे. नारीने तो दख्खनी मेंढीत आणला.

हा बदल नेमका कुठे आहे हे २००१ मध्ये कळलं. अंडाशयातल्या पेशींवर असणाऱ्या एका रिसेप्टरच्या जनुकात डीएनएचं फक्त एक अक्षर बदललेलं आहे. तेवढ्याने मेंढीचे फॉलिकल लहान असतानाच एलएचला उत्तर द्यायला लागतात, आणि एका ऐवजी दोन-तीन बीजांडं सुटतात. इथे रक्ताच्या थेंबावरून सरळ सांगता येतं की या मेंढीत बदल आहे, जुळ्यांची शक्यता जास्त. एक अक्षर, एक रिसेप्टर, डोळ्याला दिसणारा परिणाम.

मग गायीत असं एखादं अक्षर सापडलं की झालं, असं वाटू शकतं. गायीतही एक जवळचं उदाहरण आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी वारंवार तिळी देणाऱ्या एका गायीच्या वंशाचा अभ्यास केला. त्या वंशात एसमॅड-६ नावाचं जनुक ग्रॅन्युलोसा पेशींमध्ये नेहमीच्या कित्येक पट जास्त वापरलं जातं, असं त्यांना आढळलं. परिणाम मेंढीसारखाच: एकाच्या जागी लहान आकाराचे अनेक फॉलिकल पुढे जातात. पण ही अपवादात्मक गाय झाली, आणि गोठ्यातला प्रश्न जुळ्या-तिळ्यांचा नाही. एक वासरू वेळेवर व्हावं एवढीच मागणी आहे. त्या मागणीमागे एक अक्षर नसून शेकडो जनुकांचा छोटा-छोटा वाटा आहे, आणि त्यावर चारा, ऊन, आजार आणि वेळ यांचा फार मोठा वाटा आहे.

४ टक्के हा आकडा लक्षात ठेवा

अमेरिकेत गायींची प्रजननक्षमता मोजायला 'मुलींचा गाभण राहण्याचा दर' हा निकष वापरतात. एखाद्या वळूच्या मुली किती पटकन गाभण राहतात, हे त्यातून बघतात. या गुणाची आनुवंशिकता साधारण ४ टक्के धरली जाते. म्हणजे दोन गायींमध्ये जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ४ टक्के भाग आई-वडिलांकडून आलेल्या जनुकांच्या खात्यावर जातो. दुधाच्या बाबतीत हाच आकडा २० टक्के किंवा त्याहून जास्त असतो.

मग ४ टक्क्यांसाठी चिप कशाला? इथे सॉफ्टवेअरवाल्याचं डोकं कामाला येतं. एका युजरच्या बाबतीत तुमचा अंदाज सारखा चुकेल, पण दहा लाख युजरची सरासरी हलवायला बारीकसा फरकही पुरतो. अमेरिकेत अनेक वर्षं फक्त दुधावर निवड होत गेली आणि गायींची प्रजननक्षमता घसरत गेली. २००३ पासून तिथे हा निकष निवडीत आला, २००९ मध्ये होल्स्टिनसाठी अधिकृत जिनोमिक मूल्यांकन सुरू झालं. घसरण थांबली आणि आकडे पुन्हा वर आले. पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या कामात ४ टक्केसुद्धा साठत जातात.

म्हणजे चिप कळपाच्या उद्याबद्दल बोलते: कोणता वळू ठेवायचा, कोणती कालवड वाढवायची. तुमच्या गोठ्यातली कपिला या मंगळवारी गाभण राहील का, हा तिचा विषय नाही. तुम्हाला टेस्ट विकणारा कोणी हे दोन्ही एकात मिसळत असेल, तर तिथेच थांबा.

इंजेक्शन देऊनही गाय का उलटते

रिसेप्टरची गोष्ट पुस्तकी वाटत असेल तर हे वाचा. माज दिसत नाही म्हणून गायीला ठरावीक दिवशी इंजेक्शनं देऊन वेळेवर रेतन करायची पद्धत आहे, तिचं नाव ओव्हसिंक. १९९५ मध्ये विस्कॉन्सिनमध्येच ती मांडली गेली. पहिल्या दिवशी जीएनआरएच, सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, आणखी दोन दिवसांनी पुन्हा जीएनआरएच, आणि त्यानंतर साधारण १६ ते २० तासांनी रेतन.

जीएनआरएच दिलं की पियुषिका एलएच सोडते. पण एलएच सुटलं तरी ते ऐकणारा फॉलिकल हवा. होल्स्टिन गायींमधल्या प्रयोगांत दिसलं, की साधारण १० मिलिमीटरच्या आधी फॉलिकल एलएचला दाद देऊन फुटत नाही. म्हणजे लाटेच्या चुकीच्या दिवशी पहिलं इंजेक्शन पडलं तर औषध खरं, डोस बरोबर, हात चांगला, तरी परिणाम शून्य. मेसेज पाठवला, पण परमिशन बंद होती.

प्रोस्टाग्लँडिनची गंमत आणखी वेगळी. त्याचं काम पीतपिंड मोडायचं. पण माजानंतरच्या पहिल्या पाच दिवसांतलं कोवळं पीतपिंड त्याला सहसा दाद देत नाही, आणि तिथे तर रिसेप्टर हजर असतात. परमिशन चालू आहे, पण ॲपच अजून पूर्ण लोड झालेलं नाही, असं समजा.

आता यात लिंगनिर्धारित वीर्य जोडा. या कांडीतून कालवड होण्याची शक्यता साधारण ९० टक्के असते. पण नेहमीच्या कांडीत जिथे दीड-दोन कोटी शुक्राणू असतात, तिथे या कांडीत बरेचदा २० लाखांच्या आसपासच असतात. त्यामुळे वेळ चुकवायला जागाच कमी. महागडी कांडी आणि अंदाजाने धरलेला माज, ही जोडी खिशाला परवडत नाही. एक माज हुकला तर पुढचे २१ दिवस चारा, पेंड आणि मजुरी चालूच राहते, आणि पुढचं वेत तेवढंच लांबतं. तुमच्या गोठ्यातला एका गायीचा रोजचा खर्च घ्या, २१ ने गुणा, मग सांगा.

होल्स्टिनचं मॉडेल, गीरचा डेटा

मशीन लर्निंगवर काम करणाऱ्यांना एक नियम पाठ असतो: ज्या डेटावर मॉडेल शिकलं, त्याच्याबाहेर त्याच्यावर आंधळा विश्वास ठेवायचा नाही. वर मी ८.५ आणि १० मिलिमीटर हे आकडे सांगताना दोन्ही वेळा 'होल्स्टिन' म्हटलं, ते याचसाठी. ब्राझीलमधली नेलोर गाय आपल्या आंध्रातल्या ओंगोल वंशातून गेलेली. तिच्यात हाच बदल साधारण ६ मिलिमीटरलाच होतो. वशिंडाच्या गायींमध्ये माजाचा काळही कमी असतो आणि तो बऱ्याचदा रात्री येतो. म्हणजे परदेशी पुस्तकातला आकडा घेऊन गीर किंवा खिल्लार गायीचं सोनोग्राफीचं चित्र वाचलं, तर फसायला होणार.

चिपचंही तसंच. चिप फक्त अक्षरं वाचते. त्या अक्षरांचा दुधाशी किंवा गाभण राहण्याशी संबंध जोडायला हजारो जनावरांच्या खऱ्या नोंदी लागतात: कधी माज आला, कधी भरवली, कधी व्याली, किती दूध दिलं. भारतात २०१९ च्या पशुगणनेनुसार सुमारे १९.२५ कोटी गोवंश आणि जवळपास ११ कोटी म्हशी आहेत. जनावरं भरपूर, नोंदी तुटपुंज्या. आपल्यासाठी वेगळी चिप बनवण्यात अर्थ आहे, पण नोंदी नसतील तर ती लेबल नसलेल्या फोटोंचा ढीग ठरेल.

इथे कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा संबंध येतो. त्यावरचा १२ अंकी क्रमांक 'भारत पशुधन' या डिजिटल नोंदणीशी जोडलेला असतो. महाराष्ट्रात जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय सरकारी पशुवैद्यकीय सेवा मिळणार नाही, असा निर्णय झाला. अनेकांना ती कटकट वाटते. पण रेतनाची तारीख, गाय उलटल्याची नोंद आणि व्यायल्याची तारीख त्या क्रमांकावर खरी चढली, तर तोच आपल्या गायींचा ट्रेनिंग डेटा आहे. आणि गाय उलटली ही नोंद गाभण राहिल्याच्या नोंदीइतकीच मोलाची. फक्त यश नोंदवलं की मॉडेल बिघडतं.

फोन हातात आहे, तर हे करा

गळ्यातले सेन्सर पट्टे विकणारे बरेच आहेत. ते हालचाल आणि रवंथ मोजतात. माजात गाय जास्त फिरते, हे त्यातून बरं कळतं. पण पट्ट्याला अंडाशय दिसत नाही, त्याला फक्त इस्ट्रोजेनचा बाहेर दिसणारा परिणाम दिसतो. म्हशीत मुका माज असतो, तिथे बाहेर दिसण्यासारखंच कमी असतं. म्हणून विकत घेण्याआधी विचारा: हा पट्टा आमच्या जातीच्या जनावरांवर तपासला आहे का? चुकीचे अलर्ट किती येतात, आणि किती माज सुटतात? डीएनए टेस्ट विकणाऱ्याला विचारा: तुमचा अंदाज कोणत्या जातीच्या, किती जनावरांच्या नोंदींवर उभा आहे?

आणि एक फुकटचं काम. फोनमध्ये प्रत्येक गायीसाठी एक नोट उघडा. माज कधी सुरू झाला त्याची तारीख आणि वेळ, सोट कसा होता, दुसरी गाय अंगावर चढल्यावर ती शांत उभी राहिली का, रेतन किती वाजता झालं, कोणती कांडी वापरली. १८ व्या दिवसापासून पुढचा रिमाइंडर लावा. बघायची वेळ पहाटे आणि रात्री उशिरा ठेवा. गाय दोन-तीनदा उलटली तर ही नोट डॉक्टरांना दाखवा. सोनोग्राफीची सोय असेल तर फॉलिकल केवढा आहे आणि पीतपिंड आहे का, हे त्यांना बघता येईल आणि इंजेक्शन योग्य दिवशी पडेल. हॉर्मोनची इंजेक्शनं स्वतः आणून टोचू नका. चुकून गाभण गायीला प्रोस्टाग्लँडिन गेलं तर गर्भ पडू शकतो.

चिपचा रिपोर्ट आला तर तोही जपून ठेवा. कोणती कालवड ठेवायची, हे ठरवताना तो उपयोगी पडेल. पण ती कालवड मोठी होऊन माजावर येईल, तेव्हा तिच्या अंडाशयातलं घड्याळ पाहायला तुमची ती नोटच लागेल.